रुंद रस्त्याच्या आधी सात सेंट जमीन

केरळच्या सहलीचा मार्ग मराठी पर्यटकाला आता पाठ झाला आहे. कोचीला उतरायचं, गाडी ठरवायची, मुन्नारला दोन मुक्काम, तिथून ठेक्कडी आणि मग कुट्टिक्कानमचा घाट उतरून अलेप्पीची हाउसबोट. यातला डोंगराचा टप्पा खरोखरच देखणा आहे. नेरियमंगलमचा पूल ओलांडला की दाट जंगल सुरू होतं. सात टप्प्यांत उतरणारा चीयप्पारा धबधबा थेट रस्त्याच्या कडेला येऊन आदळतो, थोडं पुढं वाळरा लागतो. अडिमाली सोडलं की हवा बदलते आणि बघता बघता दोन्ही बाजूंना चहा लागतो. देवीकुळमच्या पुढच्या गॅप रोडवर एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी आणि दरीच्या तळापर्यंत मळे. परतीच्या घाटात वलंजंगानमचा धबधबा पावसाळ्यात गाडीच्या काचेवर तुषार उडवतो. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं.

प्रश्न या डोंगरांवर पैसा आधी कशावर खर्च व्हावा याचा आहे. आज तो रस्ता रुंद करण्यावर होतो, कारण गाड्या वाढल्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी मुन्नारच्या अलीकडं कित्येक किलोमीटर रांग लागते. माझं मत असं, की या डोंगरातल्या पैशावर पहिला हक्क मळ्यात राबणाऱ्या कामगाराच्या घराचा आहे. घर म्हणजे नोकरी आहे तोवर वापरायला दिलेली खोली नव्हे. स्वतःच्या नावावरची जमीन आणि तिच्यावरचं घर. ते होईपर्यंत आपल्या गाडीला आणखी एक लेन मिळावी म्हणून डोंगर कापणं थांबलं पाहिजे.

आपण ज्याला निसर्ग म्हणून बघायला जातो, तो हिरवा उतार माणसांनी केलेला आहे. 1877 मध्ये जॉन डॅनियल मन्रो या इंग्रज अधिकाऱ्यानं पूंजारच्या राजघराण्याकडून कण्णन देवन डोंगर भाडेपट्ट्यानं घेतले. तेव्हा तिथं शोला, म्हणजे डोंगरखोऱ्यांतलं दाट सदाहरित जंगल होतं, गवताचे माळ होते आणि मुतुवान आदिवासी होते. गोऱ्या मळेवाल्यांनी आधी सिंकोना, कॉफी करून पाहिली आणि शेवटी चहावर ते स्थिरावले. जंगल तोडायला, खड्डे खणायला, रोपं लावायला माणसं आली ती तमिळ मुलखातून. त्यात बहुतेक दलित कुटुंबं होती आणि त्यांना आणणारे होते कंगाणी, म्हणजे मुकादम. हातात उचल ठेवायची, कुटुंब उचलायचं आणि ती उचल फिटता फिटणार नाही अशी व्यवस्था करायची. ऊसतोडीचा हंगाम ज्यानं जवळून पाहिला आहे त्या मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. फरक इतकाच, की ऊसतोड कामगार पाडव्याच्या सुमारास गावी परततो. मुन्नारला आलेली ही माणसं परतली नाहीत. त्यांची चौथी-पाचवी पिढी आज त्याच मळ्यांत पानं खुडते आहे, आणि तिच्या नावावर या डोंगरातली एक फूट जमीन नाही.

ती राहते लयममध्ये. एकाला एक चिकटलेल्या खोल्यांची बैठी रांग, वर पत्रा, पुढं अरुंद पडवी. रस्त्यावरून या रांगा दूरवर खाली, चहाच्या मधोमध ठिपक्यांसारख्या दिसतात आणि फोटोत छान येतात. देवीकुळमच्या बाजूला अशाच एका रांगेत मी गेले, ते आमच्या गाडीच्या चालकाची आई तिथं राहते म्हणून. एक खोली, तिच्यामागं स्वयंपाकघर. भिंतीला कमरेपर्यंत निळा ऑइलपेंट आणि त्याच्या वर ओलीचा काळपट पट्टा. फळीवर घासून लख्ख केलेली स्टीलची भांडी, एका कोपऱ्यात पाती पुसून टांगलेली कातर. पानं कातरल्यावर गोळा व्हावीत म्हणून तिला खोकं जोडलेलं. अक्कांच्या बोटांच्या पेरांत चहाचा चीक इतका मुरला होता, की हात धुऊन आल्या तरी काळ्या रेषा तशाच. त्यांनी चहा दिला तो गाळलेल्या भुकटीचा, दूध घालून उकळलेला. पर्यटकांना दुकानात विकतात ती उंची पानं त्यांच्या घरात नव्हती.

त्या घरातला हिशेब मला मुलानं समजावून सांगितला. निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. आई निवृत्त झाली की खोली सोडावी लागते. म्हणून घरातल्या कुणीतरी मळ्यात नाव लावलेलं असावं लागतं. त्याची बायको बारावी शिकलेली आहे, तिला शहरात दुकानात काम मिळत होतं. तिनं पाठीवर टोपली घेतली ती खोली जाऊ नये म्हणून. तो स्वतः पर्यटकांची गाडी चालवून आईपेक्षा जास्त कमावतो. पण त्याच्या कमाईवर त्याला या डोंगरात घर मिळत नाही, कारण विकत घ्यायला जमीनच नाही आणि जी आहे ती रिसॉर्टवाल्यांच्या भावात.

हे एका कुटुंबाचं दुर्दैव नाही, व्यवस्थाच अशी आहे. 1951 च्या मळेकामगार कायद्यानं मालकावर घर देण्याची जबाबदारी टाकली. त्या काळी ते मोठं पाऊल होतं. आता तो कायदा नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे आणि घर देण्याची तरतूद तिथंही आहे. पण घर नोकरीला बांधलेलं असलं की त्याचं रूपांतर दोरीत होतं. मजुरीवरून भांडायचं तर छप्पर जाईल ही भीती. मुलीला शिकवायचं तर मळ्यात नाव कोण लावणार ही चिंता. आणि मळाच बंद पडला तर? तमिळनाडूतल्या मांजोलैचं उदाहरण ताजं आहे. तो मळा चालवणारी कंपनी मुंबईची. जमिनीचा 99 वर्षांचा भाडेपट्टा 2028 मध्ये संपतो, म्हणून 2024 मध्ये कामगारांना स्वेच्छानिवृत्ती घेऊन निघायला सांगितलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरात जन्मले आणि पुरले गेले, तिथून त्यांना खाली उतरवलं जात आहे. जमीन व्याघ्र प्रकल्पातली, ती जंगलाला परत जावी हे मलाही पटतं. पण जंगलाला जमीन परत करताना माणसाच्या हाती काय राहिलं, हा प्रश्न शंभर वर्षांत कुणीच सोडवून ठेवला नव्हता.

पेट्टिमुडीचं नाव सहलीच्या आखणीत कधी येत नाही. नीलगिरी ताहर हा रानबकरा पाहायला ज्या राजमलाला हजारो लोक जातात, तिथून पुढं तोच रस्ता पेट्टिमुडीला जातो. 6 ऑगस्ट 2020 च्या रात्री पावणेअकराच्या सुमारास वरचा डोंगर सुटला आणि लयमच्या रांगांवर आला. वीज नव्हती, मोबाइलचा मनोरा बंद होता. बाहेरच्या जगाला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मुन्नारहून निघालेली मदत पेरियावराला अडली, कारण तिथला जुना पूल 2018 च्या पुरात गेला होता आणि त्याच्या जागी बांधलेला तात्पुरता पूलही त्या पावसात खचला होता. सत्तर माणसं गेली. सहासष्टांचे मृतदेह मिळाले, चौघांचे मिळालेच नाहीत.

त्यानंतरच्याच संध्याकाळी कोळिकोडच्या धावपट्टीवर विमान घसरलं. तेही भीषण होतं, तिथंही माणसं गेली. राज्य सरकारनं विमान अपघातातल्या मृतांच्या वारसांना दहा लाख जाहीर केले, पेट्टिमुडीतल्या वारसांना पाच लाख. मुख्यमंत्री कोळिकोडला दुसऱ्या दिवशी पोचले आणि पेट्टिमुडीला जवळजवळ आठवड्यानं. अडचणी असतील, हवामान वाईट होतं. तरीही त्या दोन आकड्यांतला फरक मुन्नारच्या बायका अजून बोलून दाखवतात, आणि त्यांनी तो विसरावा असं मला वाटत नाही. पुढं आठ कुटुंबांना कुट्टियार व्हॅलीत घरं मिळाली, सरकारच्या जमिनीवर, कंपनीनं बांधलेली. आठ घरं! तशाच ओढ्याकाठी, तशाच उताराखाली असलेल्या बाकीच्या लयममध्ये माणसं राहतच आहेत.

आता रस्त्याकडं वळू. मुन्नार ते तमिळनाडूच्या सीमेवरचं बोडीमेट्टू हा सुमारे 42 किलोमीटरचा टप्पा 380 कोटींच्या आसपास खर्चून रुंद झाला. गॅप रोड त्याच टप्प्यात येतो. तिथं सुरुंग लावून कडा कापला गेला आणि 2019 आणि 2020 मध्ये डोंगर वारंवार खाली आला. मजुरांचे जीव गेले, खालच्या शेतांवर आणि वेलदोड्याच्या बागांवर दगडांचे ढीग पडले. आज तो रस्ता गुळगुळीत आहे. त्याच्या कडेला गाड्या थांबवून लोक फोटो काढतात आणि जोराचा पाऊस झाला की तोच भाग प्रशासन बंद करतं. अलीकडच्या नेरियमंगलम ते वाळरा या जंगलातल्या टप्प्याचं रुंदीकरण 2025 च्या जुलैत उच्च न्यायालयानं रोखलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अडिमालीजवळ कूंबनपाऱ्याला महामार्गासाठी कापलेल्या डोंगराची माती खालच्या वस्तीवर आली. कुटुंबांना आधी हलवलं होतं म्हणून मोठा अनर्थ टळला, तरी एक जीव गेलाच.

याच दशकात केरळच्या अर्थसंकल्पात लयमच्या दुरुस्तीसाठी दहा कोटींची तरतूद झाली, तीही सगळ्या राज्यातल्या मळ्यांसाठी. रस्त्याचा पैसा केंद्राचा, लयमचा राज्याचा, तिजोऱ्या वेगळ्या आहेत हे मला ठाऊक आहे. पण डोंगर एकच आहे. ज्या राज्यकर्त्यांनी रस्त्यासाठी दिल्लीला खेटे घातले, त्यांनी घरांसाठी तितकेच खेटे घातलेले दिसत नाहीत.

या रस्त्याला तसा जुना अनुभवही आहे. 1924 च्या महापुरात आलुवाहून वर येणारा आधीचा रस्ता आणि मळ्यांसाठी बांधलेली मुन्नारची छोटी रेल्वे, दोन्ही गेली. आजचा नेरियमंगलमचा मार्ग त्यानंतरचा. या डोंगरात पाऊस काय करू शकतो हे तिथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही.

मग जमीन कुठून आणायची? इथं मला एका कायद्याकडं लक्ष वेधायचं आहे, कारण सगळा वाद तिथं येऊन ठेपतो. 1963 च्या केरळ जमीन सुधारणा कायद्यानं कमाल जमीनधारणेची मर्यादा घातली, पण मळ्यांना त्यातून सूट दिली. हेतू स्पष्ट होता. मळे मोडले तर हजारो मजूर बेकार होतील. पुढं त्याच सूट मिळालेल्या जमिनीपैकी पाच टक्क्यांपर्यंतचा भाग इतर कामांसाठी वापरण्याची मुभा कायदा दुरुस्त करून दिली गेली. त्या कामांत फुलशेती आहे, व्हॅनिला आहे, औषधी वनस्पती आहेत, दुग्धव्यवसाय आहे आणि हॉटेल, रिसॉर्ट, पर्यटन प्रकल्पही आहेत. म्हणजे ज्या जमिनीला मजुराच्या पोटाचं कारण देऊन कमाल मर्यादेतून सोडवलं, तिच्यावर पर्यटकासाठी स्विमिंग पूल बांधता येतो. मजुराला त्या पाच टक्क्यांवर हक्क सांगता येत नाही.

माझी मागणी सरळ आहे. त्या पाच टक्क्यांवर पहिला दावा कामगारांच्या घरांचा असावा. घरांचं काम पूर्ण झाल्याशिवाय त्या मळ्याला पर्यटन प्रकल्पाची परवानगी मिळू नये.

हिशेब करून बघू. हजार हेक्टरचा मळा धरला तर पाच टक्के म्हणजे पन्नास हेक्टर, केरळच्या मापात बारा हजार सेंटांहून जास्त. शंभर सेंटांचा एकर होतो. यातली निम्मी जागा रस्ते, ओढे, मोकळे उतार यांसाठी सोडून दिली, तरी सात-सात सेंटांचे आठशेहून जास्त भूखंड निघतात. सात सेंट म्हणजे आपल्या तीन गुंठ्यांपेक्षा थोडं कमीच. मळ्याच्या उत्पन्नाला यानं धक्का लागेल असं कुणी मला पटवून द्यावं. प्रत्येक मळ्यात पडीक पट्टे असतात, म्हाताऱ्या झाडांचे तुकडे असतात, सरपणाच्या निलगिरीची रानं असतात.

सात सेंट हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. 30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला ही गावं दरडीखाली गेली. बरोबर दहा वर्षांपूर्वी त्याच तारखेला आपल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं होतं. चूरलमलाच्या मृतांतही मळेकामगार होते आणि तिथंही लयम होते. वायनाडच्या पुनर्वसनासाठी केरळ सरकारनं कल्पेट्टाजवळच्या एका चहाच्या मळ्याची सुमारे 64 हेक्टर जमीन ताब्यात घेतली. मोबदल्यावरून मळा न्यायालयात गेला, सरकारनं पैसे भरले आणि 27 मार्च 2025 ला वसाहतीची पायाभरणी झाली. प्रत्येक कुटुंबाला सात सेंट जमीन आणि हजार चौरस फुटांचं घर. सरकारनं मनात आणलं तर मळ्याची जमीन घेता येते, घर बांधता येतं आणि नावावर करून देता येतं, हे केरळनंच दाखवून दिलं आहे. फक्त त्यासाठी आधी शेकडो माणसं मरावी लागली. मरण्याच्या आधी तेच करायला कोणता कायदा आडवा येतो?

आणि केरळचंच कशाला, भारत सरकारनं हे केलेलं आहे, पण श्रीलंकेत. कँडीहून नुवारा एलियाला चढणारा रस्ता मुन्नारच्या रस्त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे. रंबोड्याचा धबधबा, वळणावळणाला चहा आणि मळ्यांत तेच तमिळ, कंगाण्यांनी नेलेले, तशाच रांगांतल्या खोल्यांत राहणारे. त्या मळेकामगारांसाठी भारतानं आधी चार हजार आणि 2017 मध्ये जाहीर करून आणखी दहा हजार घरांचा प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक घर सात पर्च जमिनीवर, म्हणजे आपल्या हिशेबात पावणेदोन गुंठे, आणि जमिनीचा कागद कुटुंबाच्या नावे. तिथं मळ्यांची जमीन सरकारी मालकीची असल्यानं देणं सोपं गेलं, हे खरं. कामही फार सावकाश चाललं. तरीही तत्त्व मान्य झालं, की पाच पिढ्या राबलेल्या माणसाला रांगेतली खोली पुरेशी नाही, त्याला स्वतःची जमीन हवी. भारत सरकारला हे नुवारा एलियात पटतं. मग देवीकुळमला का पटू नये?

याला येणारे आक्षेप मी ऐकले आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत.

सगळ्यांत वजनदार आक्षेप इडुक्कीच्या स्थानिक माणसाचा. न्यायालयानं रुंदीकरण रोखलं तेव्हा विरोधात रस्त्यावर उतरले ते पर्यटक नव्हते, तिथलेच लोक होते. बाळंतीण किंवा हृदयविकाराचा रुग्ण घेऊन घाट उतरायचा असतो, समोरून लक्झरी बसांची रांग येते. त्यांना जंगलाचा पुळका असलेल्या बाहेरच्या माणसांचा राग येणं मी समजू शकते. पण अँब्युलन्स अडते ती कशानं, हेही बघायला हवं. ती अडते सुट्टीच्या दिवशी वर चढणाऱ्या हजारो खासगी गाड्यांनी, धबधब्यासमोर वेडीवाकडी लावलेल्या वाहनांनी. रस्ता रुंद झाला की दोन वर्षांत तो भरून जाईल इतक्या गाड्या आपण आणू. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं 2024 च्या मे महिन्यापासून उटी आणि कोडाईकॅनालला बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो. मुन्नारला तसाच पास हवा, त्याला शुल्क हवं आणि नेरियमंगलमपासून वर जायला भरपूर बस हव्यात. खचलेला कठडा दुरुस्त करा, गटारं बांधा, पाणी मुरून कडा सुटतो तिथं ते बाहेर काढायची सोय करा. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. आणि वर अडिमालीत, मुन्नारमध्ये धड रुग्णालय असेल तर बाळंतिणीला घाट उतरावाच लागू नये.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांचा. डोंगर नाजूक आहे, आणखी घरं कशाला? त्यांना मी पुण्याच्या माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पश्चिम घाटावरच्या 2011 च्या अहवालाची आठवण करून देईन. त्या अहवालाविरुद्ध इडुक्कीत मोठं आंदोलन झालं, माणसांना हुसकावून लावणार अशी भीती पसरवली गेली. प्रत्यक्षात निर्णय ग्रामसभेनं घ्यावेत हा त्या अहवालाचा गाभा होता. लयम आज जिथं आहेत त्या जागा गोऱ्या मॅनेजरनं पाण्याजवळ आणि कामाजवळ म्हणून निवडल्या. दरडीचा विचार तेव्हा कुणी केला नाही. आता दरडप्रवण भागांचे नकाशे उपलब्ध आहेत. नव्या जागा त्यावरून निवडल्या तर माणसं धोक्याच्या उताराखालून बाहेर येतील. म्हणजे डोंगर वाचवायचा असेल तरीही लयम हलवावेच लागणार आहेत.

तिसरा आक्षेप मला वारंवार ऐकू येतो आणि त्याचा मला राग येतो. कामगारांना जमीन दिली की ते ती रिसॉर्टवाल्याला विकून टाकतील. मुन्नारमध्ये जमिनीच्या खोट्या कागदांवर इमारती उभ्या राहिल्या, 2007 मध्ये अच्युतानंदन सरकारनं त्यांतल्या काही बुलडोझरनं पाडल्याही. त्या कुणाच्या होत्या? पानं खुडणाऱ्या बाईची एकही नव्हती. जमिनीचा गैरवापर पैसेवाल्यांनी केला, संशय मात्र भूमिहीनांवर. विक्रीची भीती असेल तर काही वर्षं विकता येणार नाही अशी अट घाला, वायनाडच्या वसाहतीत ती घातलेली आहे. कागद घरातल्या बाईच्या नावे करा, कारण मळ्यातलं खुडणीचं काम मुख्यत्वे बायका करतात आणि खोलीही त्यांच्याच नोकरीवर टिकलेली असते.

कंपन्यांचं म्हणणं असं, की चहाला भाव नाही, मजुरी वाढते आहे, घरांचा भार कसा झेलायचा. ते खोटं नाही. मुन्नारच्या बहुतेक मळ्यांची कंपनी 2005 पासून कामगारांच्याही भागीदारीची आहे, रुग्णालय चालवते, शाळा चालवते. म्हणूनच घर बांधायचा सगळा खर्च कंपनीवर टाकावा असं मी म्हणत नाही. जमीन त्या पाच टक्क्यांतून यावी आणि बांधकामाचा पैसा पर्यटनातून. मुन्नारमधली रिसॉर्टं खोलीचं भाडं घेतात ते कशाचं? खिडकीतून दिसणाऱ्या मळ्याचं. तो मळा छाटून, तण काढून, एका उंचीत राखणाऱ्या हातांना त्या भाड्यातला रुपया जात नाही. दर मुक्कामी खोलीवर आणि वर चढणाऱ्या दर गाडीवर एक ठरावीक रक्कम, आणि ती थेट घरांच्या निधीत. मी स्वतः ती आनंदानं भरेन. पाच हजारांची खोली घेणाऱ्याला त्यातले शंभर-दोनशे जड होऊ नयेत.

गिरणगाव ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी इथं मुंबईची आठवण करून देईन. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. 1991 च्या नियमानं सांगितलं होतं, की गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना आणि एक मालकाला. 2001 मध्ये त्या नियमात बदल झाला आणि वाटप फक्त मोकळ्या जमिनीपुरतं उरलं. मॉल आले, मनोरे आले. गिरणी कामगार मात्र घरासाठी आजही सोडतीची वाट बघतो, मोर्चे काढतो, मुंबईबाहेर कुठंतरी दिलेलं घर नको म्हणून भांडतो. जमिनीचा वापर बदलतो तोच क्षण कामगाराचा हिस्सा ठरवण्याचा असतो. तो क्षण गेला की पुढच्या चाळीस वर्षांत तो परत येत नाही. चहाच्या डोंगरात तो क्षण आत्ता चालू आहे. चहाच्या जमिनीचं पर्यटनाच्या जमिनीत रूपांतर होत आहे, आणि वाटणीच्या वेळी कामगार हजर नाही.

बायका मात्र गप्प बसलेल्या नाहीत. 2015 च्या सप्टेंबरात हजारो मळेकामगार बायकांनी मुन्नारचा रस्ता अडवला. पोंबिळै ओरुमै, म्हणजे बायकांची एकजूट. बोनस कापला म्हणून त्या उतरल्या. प्रस्थापित संघटनांच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही आणि नऊ दिवस त्या रस्त्यावर बसल्या. वीस टक्के बोनस, अनुग्रह रक्कम धरून, त्यांनी मिळवला. पुढच्या महिन्यात दिवसाची मजुरी 232 रुपयांवरून 301 झाली. त्यांच्या मागण्यांत घराची मागणीही होती. बोनस मिळाला, घर राहिलं. त्या नऊ दिवसांत किती सहली बुडाल्या याच्या बातम्या आपल्याकडं आल्या होत्या. बायका कशासाठी बसल्या आहेत हे फार थोड्या मराठी वाचकांपर्यंत पोचलं.

सुरुवात कुठून करायची हे ठरवायला नव्या समितीची गरज नाही. परतीच्या वाटेवर, कुट्टिक्कानमच्या आसपासच्या पीरुमेड भागात असे मळे आहेत जे 2000 च्या सुमारास मालकांनी टाकून दिले. तिथं कंपनी नाही, पगार नाही, ग्रॅच्युइटी थकलेली, आणि लयममध्ये माणसं अजून आहेत, कारण त्यांना जायला दुसरं ठिकाण नाही. मिळेल ती पानं खुडून ती विकतात, पत्र्यावर ताडपत्री टाकतात. तिथल्या जुन्या लयमच्या भिंती पावसात कोसळतात आणि अशा कोसळण्यात कामगार बाईचा जीव गेला आहे. या मळ्यांचा चहाच राहिलेला नाही, तेव्हा चहाचं नुकसान होईल हे कारणही उरत नाही. तिथली जमीन सरकारनं ताब्यात घ्यावी, दरडीचा नकाशा समोर ठेवून जागा ठरवाव्यात आणि राहत्या कुटुंबांना सात सेंटांचे कागद द्यावेत. हे पुढच्या पावसाळ्याच्या आत सुरू करता येईल. आणि आपण, जे त्या घाटातून वलंजंगानमला थांबून कणीस खात खाली उतरतो, आपल्या टूर कंपनीला एक प्रश्न विचारू शकतो: तुम्ही आम्हाला ज्या रिसॉर्टमध्ये उतरवता, ते मळ्याच्या जमिनीवर आहे का, आणि असेल तर त्या मळ्याच्या कामगारांची घरं कुठं आहेत?